निजलेल्याची जागा

राखीव कुरणातलं गवत मेंढ्या चारूनच बेताचं ठेवायचं, म्हणजे तिथली रानफुलं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी टिकतात. हे काम दोघा भावांकडे होतं. आता एकट्या धाकट्याकडे राहिलं होतं.

"हे काय ठेवलंय मध्येच?" कुरणाच्या राखणदारानं विचारलं. भोवतालचं गवत बोटभर उरलेलं आणि मधोमध एक हिरवा पट्टा गुडघाभर उभा, माणूस आडवा होईल एवढाच. "लाडावल्यात वाटतं तुमच्या मेंढ्या!"

धाकटा कसनुसा हसला. कुणी निजलेलं असलं की त्याच्या मेंढ्या तेवढी जागा सोडून चरायच्या. थोरल्याला दुपारी कळपाच्या मधोमध ताणून द्यायची सवय होती.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी धुकं उतरलं, तेव्हा धाकट्यानं कुरणाच्या फाटकात उभं राहून मेंढ्या मोजल्या. सगळ्या भरल्या. त्यानं कडी घातली आणि घर गाठलं. माणूस कोण मोजतो? थोरला दलदलीकडे कुठं राहिला, ते कधीच कळलं नाही. खूप हाका मारल्या, असं त्यानं वहिनीला सांगितलं. खरं तर एकही मारली नव्हती.

आता तो पट्टा रोज सरकत होता. सोमवारी दलदलीच्या काठाला, बुधवारी काटेरी झुडपांपाशी, काल अगदी फाटकाजवळ.

आज मात्र कुरण सगळीकडे सारखं चरलेलं होतं. धाकट्याच्या जिवात जीव आला. धुकं दाटायच्या आत त्यानं कळप घरामागच्या मेंढवाड्यात घातला.

"भावजी, भरल्या का सगळ्या?" मागच्या दारातून वहिनीनं विचारलं.

"भरल्या."

त्यानं कंदील वर केला. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आज मेंढ्या कडेकडेनं, एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होत्या. मधोमध माणसाच्या लांबीएवढी जागा मोकळी होती. थोरल्याची लाडकी म्हातारी मेंढी तिथं गुडघे टेकून बसली होती आणि हवेतच काहीतरी सावकाश चाटत होती. ओल्या चिखलाचा वास येत होता...

"दादा...?" तो दोन पावलं आत गेला.

त्याच्या मागे मेंढवाड्याच्या फाटकाची कडी बाहेरून पडली.

"वहिनी!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "वहिनी, मी आत आहे!"

वहिनी दहा पावलांवर, दारातच उभी होती. तिनं मानही वळवली नाही, जणू काही ऐकूच आलं नव्हतं.

"घातली ना कडी?" धुक्यातून जवळ येणाऱ्या कुणालातरी ती म्हणाली. "चला मग भावजी, घरात या."