स्टेज सहावरची पावलं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पदरचं काही घातलेलं नाही. नेल हॅडिक्स ही माझ्या सासूबाईंची आई. त्यांनी हे तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं, आणि दर वेळी जसंच्या तसं.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

साल सत्तेचाळीस, ऑक्टोबर. हॉलिवूडमध्ये वाळवंटाकडचं कोरडं वारं सुटलेलं. पण स्टेज सहाच्या, म्हणजे चित्रीकरणाच्या त्या बंदिस्त शेडच्या, भिंती अशा जाड, की आत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे.

नेलची उमेदीची वर्षं पटकथा लिहिण्यात गेली. जोडीला गस पर्लमटर. ती टाइपरायटरपुढे बसायची, तो खोलीभर येरझारा घालायचा. त्याच्या बुटांना लोखंडी नाल होती.

टक्... टक्... टक्...

ओळ खरी उतरली की पावलं चालू. खोटी पडली की पावलं बंद. गस चकार शब्द काढत नसे. नेल मुकाट्याने कागद ओढून फाडायची.

पण त्यांनी लिहावं आणि दुसऱ्यांनी त्याची वाट लावावी, हे ठरलेलंच. म्हणून गस हटून बसला, की या वेळी दिग्दर्शन नेलच करणार.

स्टुडिओने होकार दिला तेव्हा गस हॉस्पिटलात होता.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो या जगात नव्हता.

त्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. शेत बळकावणारा दीर विधवा भावजयीच्या दारात येतो. ती त्याच्या तोंडावर दार लावून घेते. बस्स, संपलं.

निर्माता डॅरो सकाळीच येऊन उभा राहिला.

"बायका दार लावत नाहीत, नेल. बायका रडतात. ती म्हणेल, मला तुमच्याबरोबर न्या."

"गस कबरीत कूस बदलेल, साहेब."

"बदलू दे. तू शेवट बदल. नाहीतर उद्या या खुर्चीत दुसरा कोणी बसेल."

नेलने मान खाली घातली. खुर्ची राहिली तर पुढचा चित्रपट तरी आपल्या मनासारखा होईल... असं तिने स्वतःला समजावलं.

लाल दिवा लागला. कॅमेरा फिरू लागला. नटी कोरिन दाराशी आली.

आणि वर, छताजवळच्या लाकडी फळ्यांवर...

टक्... टक्... टक्...

"मला तुमच्याबरोबर न्या," कोरिन म्हणाली.

पावलं थांबली.

दिवेवाला वर चढला. वर कोणी नव्हतं. फळ्यांवरची धूळसुद्धा विस्कटलेली नव्हती.

"उंदीर असतील," डॅरो म्हणाला.

"आमच्याकडचे उंदीर बूट घालत नाहीत, साहेब," दिवेवाला वरूनच म्हणाला.

दुसरा टेक.

त्याच ओळीवर... पुन्हा शांतता.

ध्वनिमुद्रक ओटिसने कानावरचे हेडफोन काढले.

"बाई, पावलं थांबली की कोणीतरी माझ्या कानाशी श्वास घेतंय."

कोरिनने शाल घट्ट लपेटली. "नेलबाई, भुतालासुद्धा हे संवाद पटलेले दिसत नाहीत."

कोणीच हसलं नाही.

नेल वर बघत होती. तिला भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती.

"कोरिन," ती हळूच म्हणाली, "जुना शेवट पाठ आहे ना, बाळ?"

"झोपेत उठवा, म्हणून दाखवीन."

डॅरो तरातरा पुढे आला. "नेल, मी तुला शेवटचं सांग..."

"दिवा लावा," नेल म्हणाली.

लाल दिवा लागला की बोलायचं नाही, हलायचं नाही. मालक असला तरी नाही. त्या गावात हा नियम लोकांच्या हाडांत मुरलेला. डॅरोचं तोंड अर्धवट उघडं राहिलं... आणि तसंच मिटलं.

कॅमेरा फिरला.

पावलं सुरू झाली. कोरिनने दिराच्या डोळ्यांत पाहिलं. दार लावलं. अडसर घातला.

पावलं थांबली नाहीत.

दाराच्या पलीकडून ती पावलं पायऱ्या उतरत गेली... लांब... आणखी लांब... स्टेजची भिंत संपते त्याच्याही पुढे.

लाल दिवा विझला.

"तुझं इथलं काम संपलं," डॅरो म्हणाला.

"संपलंच. शेवट झाला ना चित्रित. सावकाश जा साहेब, उंबरठा उंच आहे."

दिराचं काम करणारा नट मात्र पांढराफटक पडून दारामागे उभा होता. जागचा हललाच नव्हता. माइकमध्ये आवाज येऊ नये म्हणून त्याच्या बुटांच्या तळाला लोकरीचा जाड नमदा चिकटवलेला होता. आणि तिथे पायऱ्या नव्हत्याच. सपाट जमीन होती.

प्रेक्षकांना तो शेवट इतका भावला, की बदलायची कोणाची छाती झाली नाही. पावलं ऐकून दीर चालता झाला, असंच सगळ्यांना वाटलं. ओटिसने विचारलं होतं, पावलं पुसून टाकू का? नेल म्हणाली, "हात लावशील तर याद राख."

त्या स्टुडिओचं फाटक तिला पुन्हा उघडलं नाही. तिने दुसरीकडे चित्रपट केले. लहान, कमी पैशांतले, पण स्वतः लिहिलेले. त्यातली एकही ओळ कोणाला बदलू दिली नाही.

लिहिताना मात्र ती एकटी असायची. खोलीत पावलं कधीच वाजली नाहीत.

म्हणजे तो कायमचा गेला?

की इथेच आहे... आणि थांबलाय?

सासूबाई लहानपणी दाराआडून ऐकायच्या. टाइपरायटर थबकायचा. बराच वेळ काही नाही. मग आई रिकाम्या खोलीला ठणकावून सांगायची, "नसेल पटत तर नसो. ओळ राहणार."

आणि पुन्हा टाइप करायला लागायची... जरा जोरातच.