वीर आलं की हाक मारा

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही मानली नाहीत तरी चालेल. मला मात्र ती रोज रात्री मानावी लागते.

गेल्या डिसेंबरातली शनिवारची रात्र. कोकणातून मुंबईकडे जाणारी गाडी, स्लीपरचा डबा. मी राजश्री, पोलादपूरची. सोबत माझी आत्या, काशीबाई. तिच्या नातवाचं बारसं उरकून आम्ही परत निघालो होतो.

स्टेशनांच्या नावांनी सांगते. तेवढाच क्रम मला नीट आठवतो.

कुडाळ

आमच्याकडची माणसं वीरला उतरतात. गाडी तिथे पहाटेच्या अंधारात पोचते आणि जेमतेम थांबते. झोप लागली तर थेट माणगाव. म्हणून सगळे एकच करतात. समोरच्या बर्थवरच्या माणसाला सांगून झोपतात... वीर आलं की उठवा.

समोर कानटोपी घातलेले एक म्हातारे होते. हैबतीकाका. पनवेलला निघालेले.

"मला गाडीत झोप नाय येत," ते म्हणाले. "बिनधास्त निजा."

"नुसतं उठा उठा नका करू हां," आत्या म्हणाली. "आमी कुंभकर्णाच्या घरातल्या. नावानं हाक मारा. मी काशी. ही वरची राजश्री."

काका हसले. "काशी आणि राजश्री. ध्यानात ऱ्हायलं."

रत्नागिरी

दिवे बंद. चहावाला शेवटची फेरी मारून गेला. आत्या घोरायला लागली.

खेड

खेड मी अर्धवट झोपेत ऐकलं.

मग बोगदा लागला. लांबच लांब. कान दडपले.

मग सगळा आवाज थांबला...

वीर

"काशी... राजश्री... वीर आलं."

काकांचाच आवाज. हळू. अगदी कानाजवळ.

मी मधल्या बर्थवर. डोळे उघडेनात. खालून आत्या म्हणाली, "ओ. आले."

चपला सरपटल्या. पिशवी ओढल्याचा आवाज.

मग गार वारा आत आला. दार उघडलं होतं.

मी वाकून खिडकीबाहेर पाहिलं. फलाट नव्हता. मोकळे रूळ होते.

नाही. वर मी 'वीर' लिहिलंय, ते खोडा. ते वीर नव्हतं.

एक लहान स्टेशन. नाव सांगत नाही.

वीरच्या अलीकडे रूळ एकेरी आहे. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी अशा एखाद्या स्टेशनात बाजूला उभी करतात. क्रॉसिंग. झोपेतल्या माणसाला वाटतं, आपलंच स्टेशन आलं.

मी दाराकडे धावले.

आत्या पायरीवर होती. एक पाय खाली लोंबत.

"आत्ये!"

"अगो, ये ना लवकर. काका खाली उभे हायत. पिशवी घेतली त्यांनी."

खाली कुणीच नव्हतं.

पण पिशवी खाली जात होती... सावकाश. कुणीतरी सांभाळून उतरवून घ्यावी तशी.

मी आत्याचा दंड धरून मागे ओढलं. दोघी आत पडलो.

आणि समोरची गाडी आली.

उघड्या दारात नुसता उजेड, लोखंड, वारा... संपेचना.

आमची जागा

हैबतीकाका झोपले होते. तोंड उघडं. कानटोपी डोळ्यांवर आलेली. हलवलं तसे दचकले.

"काय गो? वीर यायचंय अजून."

"तुम्ही हाक मारलीत ना आम्हाला?"

"मी? माझा डोळा कवा लागला तेच नाय कळलं."

मग ते उठून बसले. कानटोपी काढून हातात धरली.

"पण मला कुणीतरी इचारलं, पोरी. झोपेत. त्या दोघींची नावं काय म्हणून..."

"आणि?"

"मी सांगितली."

वीर

या वेळी काकांनी खरंच हाक मारली. आत्या जागची हलेना.

"पाटी दाव आधी."

मी दारात उभी राहून मोबाइलच्या उजेडात पाटी वाचली. मोठ्यानं. तेव्हा ती उतरली.

फलाटावर बाकडं होतं.

बाकड्यावर आमची पिशवी होती... नीट उभी. बारशाचे लाडू आत. तोंडाची गाठ मी बांधली होती तशीच.

"हात लावू नको, राजे," आत्या म्हणाली.

आम्ही ती तिथेच सोडली.

पोलादपूर

आमच्या घराजवळ रूळ नाहीत. गाडीचा आवाज इथवर येत नाही.

तरी आत्या पहाटे झोपेतच "ओ" देते. उठते. मागच्या दाराकडे निघते. म्हणून तिच्या पदराचं टोक मी माझ्या मनगटाला बांधून झोपते. हिसका बसला की जाग येते.

सकाळी विचारलं तर चिडते. "मी कशाला ओ देऊ? तुलाच सपनं पडतात."

काल रात्री ती गाढ झोपली होती. हिसका बसला नाही.

मला जाग आली ती "ओ" ऐकून...

आवाज माझा होता.

मी मागच्या दाराशी उभी होते. हात कडीवर. पदर ताणलेला. आणि आत्या माझा दंड धरून मला मागे ओढत होती.

आज कुणी कुणाला बांधायचं, हे अजून आमचं ठरलेलं नाही.