सुई ओवता येईना

"मला कुणीतरी काहीतरी चारतंय," शिंपीणबाईंनी आल्या आल्या सांगितलं आणि सुई पुढे धरली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. हात लटलट कापत होते.

कंपाउंडरने त्यांच्या तपासण्यांची फाइल उघडली. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढून त्याने हेरगिरी धरली होती, पण नाव तेच चिकटलं. शेजारी त्याचा मेव्हणा उगाच गंभीर चेहरा करून बसला होता.

"रक्तात थायरॉइडचं हॉर्मोन दुप्पट," कंपाउंडर म्हणाला, "आणि गळ्यातली ग्रंथी मात्र गप्प. मग येतंय कुठून?"

"डॉक्टरही चक्रावलेत. छाती धडधडते, दहा किलो वजन उतरलं. महिनाभर नवऱ्याबरोबर सासरी राहिले, तर बरं वाटायला लागलं. परत आले, पुन्हा तेच! हे हात गेले तर मी संपलेच हो."

दोघे तिच्या घरी गेले. नवरा भांडी घासत होता.

"स्वयंपाक इथे मीच करतो, महिनाभर माझ्या आईकडे होतो तिथेही मीच करत होतो," तो तडकला. "घ्यायचाय संशय? खुशाल घ्या. सकाळचा चहा तेवढा दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानात तिची ताई देते."

"नवराच!" जिन्यात मेव्हणा कुजबुजला.

"मेव्हणे, जरा दम धरा."

दुकानात थोरली बहीण कापड बेतत होती. एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर, खिडक्या बंद. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा.

"माझंही दुखणं थायरॉइडचंच, पण ग्रंथी मंद," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तीनदा गोळ्या वाढवल्या. रोज नेमाने घेते, पण गुण म्हणून नाही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक डोकावलं. "धाकट्या बाई नाहीत का? मग उद्या येते." थोरलीने कात्री टेबलावर आदळली.

संध्याकाळी कंपाउंडरने सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"सासरीही नवऱ्याच्याच हातचं जेवण, तरी बाई सुधारल्या. म्हणजे नवरा सुटला. तिथे नव्हता तो फक्त इथला चहा."

"पण चहात हॉर्मोन कुठून येणार?" मेव्हण्याने विचारलं.

"ताईंच्या डबीतून. त्यांच्या गोळ्या म्हणजे तेच हॉर्मोन. तीनदा वाढवूनही थंडी तशीच, सूज तशीच, कारण गोळ्या त्यांच्या पोटात जातच नव्हत्या. गुण येईना म्हणून डॉक्टर वाढवत गेले आणि चहात तेवढ्या जास्त पडत गेल्या."

धाकटी बहिणीकडे वळली. "ताई, खोटं आहे ना गं हे?"

"खरं आहे!" थोरली उसळली. "तुला सुई धरायला मी शिकवलं. आणि दारात येणारा जो तो तुलाच विचारतो! तुझे हात थांबावेत, एवढंच हवं होतं मला. तर तू बारीक झालीस आणि लोक म्हणायला लागले, काय सुरेख दिसतेस! मी इथे औषधावाचून फुगतेय, माझे केस गळताहेत, आणि तू सुरेख! नुसता जळफळाट झाला माझा."

मेव्हण्याने पोलिसांना फोन लावला. धाकटीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता.

"मी मेले असते, ताई."

"मेली असतीस, तरी गर्दी तुझ्यासाठीच झाली असती," थोरली म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.