कसब्यातला लाल आकडा

"श्वास घेऊ नका!"

पूर्वा इतक्या जोरात ओरडली की गच्चीच्या दारातून आत येणारा तो तरुण जागच्या जागी थबकला. खांद्यावर सॅक, हातात एक पांढरी डबी, आणि तोंड घट्ट मिटलेलं.

पूर्वाच्या चिमट्यात फिल्टर पेपर होता. कसबा पेठेतल्या एका दवाखान्याच्या गच्चीवर हवा मोजायचं सरकारी यंत्र आहे; ते सांभाळणं ही पूर्वाची नोकरी. ते दिवसभर हवा ओढतं आणि तिच्यातली धूळ या कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जो फरक येईल ती पेठेतली धूळ. असल्या कागदावर कुणी फुंकर घातलेली पूर्वाला मुळीच खपत नसे. तिने तो हलकेच पाकिटात सरकवला, पाकीट चिकटवलं आणि मगच मान वर केली. तो अजून तसाच उभा... चेहरा लालबुंद!

"अहो, घ्या आता!"

"थँक्यू," तो धापा टाकत म्हणाला. "कसब्यात श्वासालाही परवानगी लागते, माहीत नव्हतं."

"लागते. लेखी."

तो हसला. आणि पूर्वाला, उगीचच, ओढणी सारखी करावीशी वाटली.

तो पुष्कर. खराडीतल्या त्याच्या कंपनीने हवा मोजणाऱ्या छोट्या डब्या बनवल्या होत्या. त्या खरं बोलतात की थापा मारतात, हे पाहायला त्या जुन्या यंत्रांशेजारी टांगायच्या होत्या. पुष्करकडे अशी दोन ठिकाणं होती, एक हे आणि दुसरं मार्केट यार्ड. डबीचा आकडा खाली दवाखान्याच्या दारातल्या बोर्डावर दिसायचा. बारीक धूळ साठच्या आत असली की हिरवा, साठ ओलांडले की लाल. साठ ही आपल्याकडे ठरलेली दिवसभराची मर्यादा. त्यापुढे छातीच्या रोग्यांनी जपलेलं बरं.

सुरुवातीला पुष्कर सारखा यायचा. वायर बघायला, डबी पुसायला, आणि मग पुसलेली डबी पुन्हा बघायला. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. थंडीतलं कोवळं ऊन, तांबट आळीतून येणारी ठोकठोक आणि शेजारी कठड्याला टेकलेला पुष्कर... घरी तिच्या वडिलांनी, बाबुरावांनी, विचारलंसुद्धा, "हल्ली रविवारीही हवा मोजतात का गं?"

पण पुढे कसब्यातल्या डबीचे आणि यंत्राचे आकडे छान जुळायला लागले, आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण मार्केट यार्डात ते जुळेनात. तिथलं यंत्र स्पृहा सांभाळायची.

"काय सांगू तुला, स्पृहाचा ग्राफ!" पुष्कर फोनवर रंगात यायचा. "पहाटे ट्रक आले की सरळ वर. मग पोती उतरली, झाडू फिरला, की पुन्हा वर!"

"हो का."

"तुझं बरंय. तुझी हवा अगदी शहाणी. बघावंच लागत नाही."

बघावंच लागत नाही! पूर्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी पोरी दुसरीच्या डोळ्यांवर जळतात, केसांवर जळतात; ही बिचारी दुसरीच्या धुळीवर जळायला लागली. सकाळी डोळे उघडले की आधी फोनवर मार्केट यार्डाचा आकडा. लाल असला की पुष्कर तिकडे गेलाच म्हणून समजायचं. शहरातल्या प्रत्येकाला स्वच्छ हवा हवी होती. आपला हिरवा आकडा पाहून तोंड पाडणारी ती एकटीच. तिला स्वतःची लाज वाटायची, पण म्हणून जळणं काही थांबत नव्हतं.

त्यात स्पृहाने स्टेटसला फोटो टाकला. मार्केट यार्डाची गच्ची, पुष्कर, आणि त्याच्या खांद्यावरची धूळ झटकणारा एक गोरापान हात. पूर्वाने फोटो मोठा करून पाहिला. धूळ झटकायला एवढा वेळ हात ठेवावा लागतो?

त्या आठवड्यात तो एकदा उभ्या उभ्या येऊन गेला.

"दिसत नाहीस हल्ली," ती यंत्राकडे बघत म्हणाली.

"अगं, यार्डात—"

"कांदे निवडतोस?"

"स्पृहाला मदत करतो. ती एकटीच असते ना तिथे."

"मी इथे वऱ्हाड घेऊन बसते."

पुष्कर मिश्कील हसला. "पूर्वा... तू जळतेस?"

"छे! मर्यादेच्या आत आहे."

"बघ हं. मोजून बघेन."

"मोजायला यावं लागतं," ती पुटपुटली.

काहीतरी बोलण्यासाठी त्याने ओठ उघडले... आणि फोन वाजला. स्पृहा! "येतोच," म्हणून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसब्याची हवा नेहमीसारखीच शहाणी होती. जिन्यातल्या फळीवर दवाखान्याने डासांसाठी ठेवलेला धूप होता. पूर्वाने तो उचलला. का उचलला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डबीच्या अगदी खाली ठेवून तिने काडी ओढली. निळसर धूर वर गेला, आकडा चढत चढत साठच्या पार झाला, आणि खालचा बोर्ड लाल!

लगेच फोन. "पूर्वा, काय झालं गं तिकडे? निघालोच मी!"

तिचं काळीज नाचलं. कसला गोड घाबरलेला आवाज! तिने धूप विझवला, तुकडा फेकून दिला आणि केस नीट करायला लागली. तेवढ्यात खालून गलका ऐकू आला.

तिने वाकून पाहिलं. सुशीलाबाई दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, दम्याच्या. रोज सकाळी श्वासाच्या व्यायामाला यायच्या. "बाई, बोर्ड लाल दिसला की सरळ घरी जायचं," हे त्यांना पूर्वानेच बजावलं होतं. भेदरून त्यांनी पंप ओढला, पदर नाकाला लावला आणि भिंतीचा आधार घेत त्या आल्या पावली निघाल्या. आपण काय करून बसलो, ते तिला त्या पाठमोऱ्या बाईंकडे बघून कळलं.

पुष्कर आला तो एकटा नव्हता. गाडीवर मागे स्पृहा होती.

"ही म्हणाली, जास्तीची डबी आहे, ताडून बघू," तो म्हणाला.

स्पृहा फोटोतल्यापेक्षा सुंदर होती, हे आणखी एक. तिने हवेत नाक वर केलं. "धुपाचा वास येतोय."

पुष्कर डबीजवळ वाकला. क्षणभर तसाच राहिला. मग सरळ होत घाईघाईने म्हणाला, "खालच्या देवळातला असेल. बाहेरचा धूर, असं लिहून टाकतो. हो ना, पूर्वा?"

नुसती मान हलवायची होती. नोकरी वाचली असती, पुष्करही हाताशी राहिला असता. तिने कठड्यावरून खाली पाहिलं. बाई अजून गल्लीच्या टोकाशी एका ओट्यावर दम खात बसल्या होत्या.

"देवळातला नाही," ती म्हणाली. "मी लावला."

"डासांसाठी?" स्पृहाने विचारलं.

"पुष्कर यावा म्हणून." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "तुझा आकडा लाल झाला की हा तिकडे पळतो. मी जळत होते तुझ्यावर, स्पृहा. रोज. आणि त्यापायी एका दमेकरी बाईंना घाबरवून परत पाठवलं. आजचा कागदही बाद. साहेबांना मीच कळवते."

स्पृहाने एकदा पुष्करकडे पाहिलं... आणि तिचा चेहरा उतरला.

"बाईंना मी गाठते. हवा ठीक आहे म्हणून सांगते," ती म्हणाली. दारात मात्र थांबली. "पूर्वा, यार्डात हा दिवसभर कसब्याबद्दलच बोलतो. मला वाटलं होतं, कधीतरी विषय बदलेल."

तिची पावलं जिन्यात विरली. पूर्वाला आता तिच्यावर जळता येईना, उलट तिच्यासाठी वाईट वाटायला लागलं.

"हे ठिकाण मी सोडतोय," पुष्कर म्हणाला.

पूर्वाने मान फिरवली. "बरोबरच आहे. खोटे आकडे देणारीकडे कोण—"

"पुरतं ऐक तरी! डबीखाली राख दिसली मला. धूर कुठला ते कळलं होतं. तरी मी देवळाचं नाव घेतलं... तू अडकू नयेस म्हणून." त्याचा आवाज अडखळला. "जिच्यावर जीव जडलाय, तिचे आकडे माणसाने तपासू नयेत गं. दुसरं कुणीतरी येईल."

पूर्वाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, आणि या वेळी धुराचा काही दोष नव्हता.

"आधी फोन करू दे मला," ती कसंबसं म्हणाली.

साहेब फारसे ओरडले नाहीत. दिवसाची नोंद रद्द, लेखी खुलासा, आणि खुलाशाचा निकाल लागेपर्यंत गच्चीची किल्ली दुसऱ्याकडे. "बाकी, खरं सांगितलंत ते बरं केलंत," एवढं मात्र म्हणाले.

खाली स्पृहा बाईंना घेऊन परत आली होती. पूर्वाने त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यातून आधी तिला आणि मग पुष्करला न्याहाळलं.

"एवढ्यासाठी माझा दमा वापरलात? चिठ्ठी लिहायची होती. शुद्धलेखन मी तपासून दिलं असतं," त्या म्हणाल्या आणि व्यायामाला आत गेल्या. स्पृहाही, "बसने जाईन मी," म्हणून निघाली. थांबवावं असं दोघांनाही वाटलं, पण कुणी थांबवलं नाही.

पूर्वाने किल्ली दवाखान्याच्या खिडकीत ठेवली.

"उद्यापासून मला इथे यायचं काही कारण नाही," ती हळूच म्हणाली.

"मलाही नाही."

दोघं दारात उभे राहिले. तांबट आळीत ठोकठोक चालू झाली होती. पुष्करने गाडीची किल्ली उगाच या हातातून त्या हातात केली, आणि मग सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग उद्या सकाळी कुठे येऊ, सांग."