टेम्पमधल्या चार हजार नोंदी

बिर्लानगरच्या धर्मादाय दवाखान्यातल्या चार हजार रुग्णांच्या नोंदी सोमवारी सकाळी गायब झाल्या, आणि अकराच्या आत व्यवस्थापक विश्वासरावांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. नोंदी भरणारी रुचिका. शनिवारी संध्याकाळी संगणकावर शेवटची तीच होती. पोलिसांत द्यायचा अर्ज टेबलावर तयार होता.

भालचंद्रला ते पटलंही होतं. खासगी तपास करणाऱ्या शरयू टेंब्यांबरोबर फिरून सहा वर्षं झाली, तरी त्याची अक्कल पहिल्या संशयितापाशीच बसकण मारायची.

"मी काहीच मिटवलं नाही, काकू!" रुचिका उसळून म्हणाली. "शनिवारी सगळं होतं. रविवारी मी आलेच नाही, सच में."

"रविवारी कोण आलं?" शरयूताईंनी विचारलं.

"इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला माणूस," विश्वासराव गुरगुरले. "मी स्वतः उभा होतो. वर्षात पहिल्यांदा संगणकाचं मशीन दहा मिनिटं बंद राहिलं. त्यानं हात नाही लावला."

"मुख्य पासवर्ड?"

"माझ्या कपाटात. नोंदींचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यालाही दिला नाही. आजकाल भरवसा कुणाचा?"

बसवणारा हेमेंद्र पडाव भागातून तणतणत आला. "पासवर्ड तीनदा मागितला, मॅडम. नाही दिला, तरी साध्या खात्यातून सगळ्यांसाठी चालू केलं की नाही? रोजचा बॅकअपपण आपोआप होतो. करारात लिहिलंय तसा, 'एसआरव्ही' फोल्डरचा."

"तो कुणी कधी उघडून पाहिला?"

शरयूताईंनी उघडला. वर्षभराचे बॅकअप, सगळे रिकामे.

"रुचिकानं शनिवारी पुसलं असतं, तर शुक्रवारच्या बॅकअपमध्ये नोंदी असत्या," त्या कडाडल्या. "म्हणजे 'एसआरव्ही'त त्या कधी नव्हत्याच. सेवेचा डेटा तिथं ठेवायचा असतो, पण ती जागा तयार करायला मुख्य पासवर्ड लागतो. हेमेंद्रच्या खात्यात असत्या, तर मशीन बंद होऊनही उरल्या असत्या. पासवर्डशिवाय सगळ्यांना लिहिता येतं आणि मशीन पुन्हा चालू होताच जी साफ होते, अशी इथं एकच जागा. 'टेम्प'. तात्पुरत्या फायलींची!"

हेमेंद्रची मान खाली गेली. "पासवर्ड मिळाल्यावर हलवणार होतो. फिर रह गया।"

"एकानं कुलूप लावलं, दुसऱ्यानं रुग्णांचे आजार उघड्यावर टाकले. आणि फासावर ही पोर?"

विश्वासरावांनी अर्ज हळूच ओढून घेतला. "बरं, झालं गेलं. रुचिका, कामाला लाग."

ती हलली नाही. "चोर म्हणालात ते बाहेरच्या रांगेसमोर, साहेब. माफी भी वहीं माँगिए।"

विश्वासरावांनी आधारासाठी भालचंद्रकडे पाहिलं. भालचंद्रला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. तो उठला आणि त्यानं दार सताड उघडलं.

"चला," तो म्हणाला. "तुमच्यानंतर मलाही मागायची आहे."