श्वासाच्या खुणा

धाकटीचं पोट गाण्यांच्या छपाईवर चालायचं. हाताने लिहून आलेले सूर कॉम्प्युटरवर नीट बसवून द्यायचे, एवढंच काम. थोरली गाणारी. घरातला सगळा गळा ताईने पळवला आणि माझ्या वाट्याला माऊस आला, असं धाकटी म्हणायची.

अलीकडे थोरलीची फुप्फुसं थकली होती. दोन पावलं चालली तरी धाप. म्हणून नव्या गाण्यात तिने ठायीठायी श्वासाच्या खुणा घातल्या होत्या. ओळीच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखं बारीक चिन्ह: इथे दम घे. थोरली कागदावर असेल तेच आणि तेवढंच गायची. जन्माची खोड.

त्या दुपारी धाकटीने त्या गाण्याची जुनी फाइल उघडली, तर सूर जागच्या जागी आणि श्वासांच्या जागी रिकामे चौकोन. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता.

"ताई, तुझे श्वास दिसत नाहीयेत गं."

"मग शोध की! आता या वयात कुणाकडे उसने मागू?" पलीकडच्या खोलीतून थोरली म्हणाली.

फॉन्ट काही सापडेना. मग धाकटीने छपाईवाले नेहमी करतात तेच केलं. सगळे चौकोन एकदम निवडले आणि पुसून टाकले. श्वास घ्यायला काय कुणाला सांगावं लागतं?

प्रत काढून तिने पलीकडे आरामखुर्चीत बसलेल्या थोरलीच्या हातात ठेवली. "म्हणून बघ एकदा," म्हणाली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली.

पहिली ओळ संपली, दुसरी लागली. आवाज भरदार, आजारापूर्वीचा. धाकटीला भरून आलं. तिसऱ्या ओळीला तिचा स्वतःचाच जीव कासावीस झाला. ऐकता ऐकता ती श्वास रोखून बसली होती.

थोरली मात्र गातच होती. दोन ओळींमध्ये सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती.

धाकटी धावली. "ताई, थांब. दम घे आधी!"

थोरलीने गाता गाताच मान हलवली आणि कागदाकडे बोट दाखवलं. तिचे ओठ निळसर झाले होते. शालीखाली छाती हलत नव्हती. धाकटीने चष्मा काढून तिच्या तोंडासमोर धरला.

काच लख्ख राहिली.

तिने टेबलावरचं पेन उचललं. शेवटच्या ओळीवर श्वासाची खूण काढली.

थोरली तिथे पोचली. थांबली. तोंड उघडलं.

आत काहीच गेलं नाही.

मग तिने उरलेली ओळ पुरी केली, अगदी सुरात.

डॉक्टरांनी बराच वेळ मनगट धरून ठेवलं. "हात गार पडलाय. बाई, तुम्ही फार उशिरा बोलावलंत. ह्या सकाळीच गेल्यात."

धाकटी शालीकडे बघत होती. थोरलीचा दुसरा हात शालीखाली होता. खुर्चीच्या लाकडावर त्याचं एक बोट सावकाश ताल धरून होतं.