कंठसाथ, हस्तसाथ आणि कांचनताई

"हात मांडीवर ठेवा, कांचनताई. हलवायचे नाहीत. फक्त बोलायचं!"

भिंतीपलीकडून अथर्व चांदेकरचा आवाज आला आणि ऋजुता मोहोळकरचं डोकं फिरलं. हात मांडीवर! मोठ्या मिनतवारीनं तिनं त्या हातांना शर्टाचं बटण लावायला शिकवलं होतं, आणि हा गृहस्थ रोज त्यांना झोपवून ठेवत होता. आता खरं सांगायचं तर थोड्याच वेळापूर्वी आपल्या खोलीत तीही कांचनताईंना म्हणाली होती, "बोलू नका, कामाकडे लक्ष द्या." पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय तज्ज्ञांनाही लागू असतो.

मिरजेतल्या त्या स्मृतिशुश्रूषा केंद्रात ऋजुता व्यवसायोपचारतज्ज्ञ होती. विसरभोळेपणाच्या आजारानं ज्यांचे हात रोजची कामं विसरलेत, त्यांच्याकडून ती कामं पुन्हा करून घेणं हा तिचा विषय. चांदेकर वाचोपचारतज्ज्ञ, त्याचा विषय हरवलेले शब्द. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं त्या भिंतीइतकंच होतं.

दोघांच्या हाताशी एकेक यंत्र होतं. चांदेकरकडे 'कंठसाथ' नावाची गळ्याची पट्टी. बोलायचं मनात आलं की गळ्याचे स्नायू नकळत थरथरतात. पट्टी ती थरथर ओळखून राहिलेला शब्द रुग्णाच्याच आवाजात पुरा करायची. ऋजुताकडे 'हस्तसाथ' हा हातमोजा होता. बोटांचा कल कुठं आहे ते ताडून तो त्यांना तिकडे अलगद न्यायचा. केंद्रात दोन्ही यंत्रं कधी एकत्र लावली जात नसत. हातांच्या हालचालीनं माझी मोजणी बिघडते, असं चांदेकर म्हणायचा. तुमच्या बडबडीनं माझी बिघडते, असं ऋजुता म्हणायची. घरी जाणाऱ्या रुग्णाला मात्र दोन्ही यंत्रं एकाच पिशवीत घालून दिली जायची. यात काही विचित्र आहे हे कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते वाघमोडे सरांना. प्रफुल्ल वाघमोडे, कांचनताईंचे यजमान, निवृत्त गणित शिक्षक. ते रोज यायचे आणि रोज डोकं खायचे.

"मॅडम, घरी तिला दोन्ही एकदमच लागणार ना? मग इथं एकदम लावून का बघत नाही? माझी बायको काय अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे नांदणार आहे?"

"सर, तशी पद्धत नाही."

"पद्धत गेली खड्ड्यात! शुक्रवारी समिती बसतेय. पंचाहत्तर गुण पडले नाहीत तर तिला वरच्या मजल्यावर टाकणार. तिथलं दार आतून उघडत नाही. मला आठवड्यातून एकदा काचेतून भेटवणार. मला तिला घरी न्यायचंय हो, एवढंच मागतोय मी."

ऋजुतानं त्यांना चांदेकरकडे पाठवलं. चांदेकरनं परत तिच्याकडे पाठवलं. शेवटी सर थेट गृहगमन समितीच्या अध्यक्षांना, डॉ. सुमेधा निंबाळकरांना जाऊन भिडले. बाईंनी हुकूम सोडला की परीक्षा दोन्ही यंत्रं लावूनच होईल, आणि दोन्ही तज्ज्ञ एकाच खोलीत हजर राहतील.

"एकाच खोलीत?" चांदेकर म्हणाला.

"मलाही हौस नाही," ऋजुता म्हणाली.

शुक्रवारी जेवणाआधी परीक्षा झाली. काम नेहमीचंच, चहा करायचा. कांचनताईंना शेगडीपुढं खुर्चीवर बसवलं, गळ्यात पट्टी बांधली, हातांत मोजे चढवले. समितीची तिघं टेबलापलीकडे बसली आणि सर कोपऱ्यातल्या स्टुलावर.

"अहो, चहा घेता ना?" कांचनताईंचा आवाज आला. स्वच्छ, न अडखळता.

त्यांच्या हातानं पातेलं उचललं, पाणी घेतलं. "साखर कमीच घालते हं." चमचा बरोबर साखरेच्या डब्यात गेला. "आलं आहे का घरात?" दुसऱ्या हातानं आल्याचा तुकडा शोधून काढला. समितीतले एक गृहस्थ चक्क हसले. दूध उतू जायच्या आत शेगडी बंद झाली, चहा गाळला गेला, कप पुढे सरकला. "घ्या, गरम आहे तोवर."

चौऱ्याण्णव गुण! केंद्रात इतके कुणालाच पडले नव्हते. निंबाळकर बाईंनी डोळे पुसले, सही केली आणि जाता जाता दोघांना फैलावर घेतलं. "हे इतके दिवस का नाही केलंत तुम्ही? दोन शिकलेली माणसं एका खोलीत बसू शकत नाहीत म्हणजे काय!"

समिती जेवायला गेली. चांदेकर खूश होऊन शीळ घालत होता. कांचनताईंचं बोलणं चालूच होतं. "ऊन किती पडलंय, नाही?" मोज्यातला हात फडक्यानं ओटा पुसत होता. ऋजुता मोजा काढायला खाली वाकली, तिचं लक्ष पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"चांदेकर, इकडे या."

"काय झालं?"

"ताई झोपल्यात."

"काहीतरीच काय! बोलतायत की त्या."

"तेच तर सांगतेय मी."

चांदेकर जवळ आला. कांचनताईंचे डोळे मिटलेले होते, मान किंचित कलली होती. "पाणी तापलं असेल," असं पट्टी म्हणत होती, आणि त्याच्या खाली नीट कान दिला तर एक बारीक, संथ घोरणं ऐकू येत होतं. सगळी परीक्षा सगळ्यांनी हातांकडे आणि कपाकडे बघण्यात घालवली होती. तोंडाकडे कोण बघतो?

ऋजुतानं मोजे उतरवले. पट्टी आणखी एक वाक्य बोलली, मग अर्धं, आणि थांबली. हात मांडीवर गळून पडले. घोरणं तेवढं चालू राहिलं.

"तुमची पट्टी शब्द आणते कुठून?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे. गळ्याच्या थरथरीतून."

"आणि थरथर पुरेशी नसेल तर?"

"तर आजूबाजूचं बघून-ऐकून अंदाज करते. हातात कप असेल तर चहाबद्दलचं वाक्य. आजार वाढला की थरथर फार क्षीण होते, त्यामुळे बहुतेक वेळा..." तो थांबला. "तुमचा मोजा?"

"बोटांचा कल बघतो. कल लागला नाही तर कानावर पडलेलं ऐकतो. चहा म्हटलं की पातेल्याकडे नेतो."

इतक्या दिवसांत त्यांनी एकमेकांना विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता, आणि तो नेमका सही झाल्यावर विचारला गेला होता.

"म्हणजे माझी पट्टी तुमच्या मोज्याकडे बघून बोलते," चांदेकर म्हणाला.

"आणि माझा मोजा तुमच्या पट्टीचं ऐकून चालतो. दोघांचं मस्त जमतं. मध्ये ताईंची गरजच नाही."

"पण माझ्या खोलीत मोजा नसतो. तिथंही त्यांना चांगले गुण पडायचे!"

"तिथं अंदाजाला तुम्ही असता ना. कप दाखवून तुम्ही काय विचारता?"

"हा चहाचा कप आहे ना, असं..." चांदेकरनं कपाळाला हात लावला. "अरे देवा. ते गुण माझेच होते."

"आणि माझ्या खोलीतले माझे," ऋजुता म्हणाली. तिला इतका संताप आला होता की कुणावर काढावा ते कळेना. स्वतःवर काढायचा तर वेळ फार थोडा होता.

"मला कळलं होतं."

कोपऱ्यातून सर बोलले. त्यांच्या मांडीवर यंत्रांची पिशवी होती, घरी न्यायला तयार.

"पहिल्याच वाक्याला कळलं. आमच्या घरी चहा मी करतो. लग्न झाल्यापासून मीच. ती जमीन मोजणी खात्यात होती, उजाडायच्या आत बांधावर पोचायची. तिला पातेलं कुठं ठेवतात तेही ठाऊक नसायचं. ती कशाला आलं शोधतेय!"

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलंत कधी? चहा, चहा, चहा! बाईमाणूस दिसलं की तुमचं चहाचं पातेलं तयार." सरांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "पण आवाज तिचा होता हो. वर्ष झालं, मी तो ऐकला नव्हता; तुमच्या खोल्यांत मला कुठं बसू देता? सही झालीय. तुम्ही दोघांनी काही बघितलं नाही असं धरा. झोपलेली तर झोपलेली, बोलते तर आहे. मला चालेल."

नाही म्हणणं ऋजुताच्या जिभेवर येत नव्हतं, हो म्हणणं तर शक्यच नव्हतं. आणि मग तिच्या मनात भलतंच आलं, तशी ती ताडकन उभी राहिली.

"चांदेकर, आपण पिशवी देऊन किती लोकांना घरी पाठवलंय?"

"पुष्कळ. सगळीकडून निरोप चांगले आहेत."

तिनं फोन काढला. शिरोळचे गजानन उपाध्ये गणेशोत्सवाच्या आधी घरी गेले होते. त्यांच्या सुनेनं फोन उचलला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ऋजुतानं फोनचा आवाज मोठा केला.

"बाबा ना? एकदम मजेत, मॅडम! दिवसभर बोलतात, पत्ते पिसतात. आधी तोंडातून शब्द निघत नव्हता. फक्त एक आहे, झोपतच नाहीत हो. रात्र रात्र गप्पा चालू. मी कळवलं होतं की! तुमच्या विभागात म्हणाले, बोलण्याचं तिकडे विचारा. तिकडे म्हणाले, झोपेचं आमच्याकडे येत नाही."

चांदेकरनं मान खाली घातली.

"आत्ता काय करतायत?" ऋजुतानं विचारलं.

"हे काय, समोरच आहेत. बोलतायत."

"त्यांच्या डोळ्यांकडे बघा जरा."

पलीकडे पावलं वाजली. दुरून एका म्हाताऱ्या माणसाचा प्रसन्न आवाज येत होता, पावसापाण्याच्या गोष्टी करणारा.

"मिटलेत," सून म्हणाली. "मॅडम, मग इतके दिवस आम्ही बोलत होतो ते कुणाशी?"

"पट्टी आणि मोजे काढून घ्या. झोपू द्या त्यांना. आम्ही दोघं संध्याकाळी येतो," ऋजुता म्हणाली आणि फोन बंद केला.

सरांनी सगळं ऐकलं होतं. ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

तेवढ्यात कांचनताई जाग्या झाल्या. कुणीतरी ऐन झोपेतून उठवल्यासारख्या त्या वैतागून सगळीकडे बघायला लागल्या. चांदेकरनं पुढे होऊन गळ्यातली पट्टी सोडवली. सरांनी काय करावं न सुचून समोरचा कप उचलला आणि त्यांच्या ओठांशी नेला. कांचनताईंनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि उलट्या हातानं कप ढकलला. चहा सरांच्या सदऱ्यावर सांडला, आणि त्या ढकलण्याबरोबरच तोंडातून शब्द बाहेर पडले.

"कुणी... केला?"

"तूच केलास, कांचन," सर म्हणाले.

कांचनताईंनी पातेल्याकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, पुन्हा हात झटकला.

"मी... नाही केला."

आवाज खरखरीत होता, परीक्षेतल्या आवाजाइतका गोड मुळीच नव्हता. मांडीवर हात बांधून ठेवले असते तर हे शब्द आले नसते, आणि गप्प बसायला सांगितलं असतं तर हात हलला नसता. दोघा तज्ज्ञांच्या मोजपट्टीवर मात्र हे उत्तर चूक होतं आणि चहा सांडला होता. गुण शून्य.

सर रडत होते आणि हसतही होते. "खरं बोलतेय ती. खोटं बोलणं तिला जमलंच नाही कधी." त्यांनी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. "हे नको मला. पण म्हणजे आता ती वरच्या मजल्यावर जाणार, असंच ना?"

"सही रद्द करायला मीच सांगणार," ऋजुता म्हणाली. "पण समितीच्या नियमांत यंत्रांशिवाय घरी न्यायचं एक कलम आहे. दोन्ही विभागांचे तज्ज्ञ एकाच वेळी घरी येऊन उपचार करणार असतील तर. आजवर ते कुणी वापरलेलं नाही."

"का?"

"दोन्ही विभागांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून," चांदेकर ओशाळून म्हणाला.

"जुळत नाहीत!" सरांनी वर छताकडे पाहिलं.

"मंगळवारी जमेल मला," ऋजुता म्हणाली.

"मंगळवारी माझी आढावा बैठक..."

"चांदेकर!"

"बरं. मंगळवार."

सरांनी कांचनताईंना हात देऊन उठवलं. त्या उठल्या, पण आधी टेबलावरची पिशवी कोपरानं लांब सारून मग.

"दोघं एकदम येणार असाल तर या," दाराशी थांबून सर म्हणाले. "सुटे सुटे येणार असाल तर कुणीच येऊ नका. आणि ती काय म्हणेल ते ऐका जरा. चहा मी करीन."